वाढीची वाढ

माझ्या मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर बरेच दिवस जिलेब्यांचा आलेख होता. पांढऱ्या खडूनं काढलेला. गाडी काळी, त्यामुळे तो लांबूनही दिसायचा, आणि शिरूरच्या पंपावरचा माणूस दर वेळी विचारायचा, "सर, ह्यो डोंगर कसला काढलाय?" त्याला काय सांगणार? तो आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी काढला होता, आणि त्यांनी काढलेलं पुसायची माझी प्राज्ञा नव्हती.

झालं असं की निमोण्याला आमच्या एका शिपायाच्या घरचं लग्न होतं आणि पंगतीत बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी पहिली जिलेबी तोंडात घातली तशी त्यांनी विचारलं, "किती मार्क?"

"कशाला?"

"जिलेबीला. दहापैकी."

मी आठ दिले. दुसरीला नऊ, कारण ती जास्त गरम होती. तिसरीला पुन्हा आठ. चौथीला पाच. वाढपी पुढ्यात येऊन "वाढू का, वाढू का?" करत होता आणि बाई त्याला हातानं थोपवून माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "सर, पहिलीपासून दुसरीला एक वाढला. मग एक घटला. मग तीन घटले. म्हणजे वाढ दर वेळी दोन-दोननं खाली येतेय. आता पाच घटणार. पाचवी शून्य! आणि सहावी उणे सात. सहावी खाऊ नका."

मी मराठीचा मास्तर. गणितानं मला दहावीत रडवलेलं. गणिताच्या बाईंनी माझ्या जिलेब्या मोजाव्यात आणि मी ऐकावं, हे होणं नव्हतं. मी पाचवी खाल्ली, आणि केवळ खुन्नस म्हणून सहावीही खाल्ली. बाईंना मागे बसवून परतताना न्हावऱ्याच्या अलीकडे मला गाडी बाजूला घ्यावी लागली आणि मी बाभळीच्या आडोशाला गेलो. परत येऊन बघतो तर बाईंनी टाकीवर तो डोंगर काढला होता आणि सहाव्या जिलेबीचा ठिपका त्या पार खाली, इंजिनाजवळ ठेवत होत्या.

"वाढ सगळेच बघतात," त्या म्हणाल्या. "वाढीची वाढ बघायची असते."

बाईंचं नाव मी घेत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. शिरूरला चर्चच्या मागच्या आळीत त्यांचं घर. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. बाई रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायच्या आणि नाताळात आख्ख्या स्टाफला करंज्या घेऊन यायच्या. शाळेत येताना साडी कडक इस्त्रीची असायची आणि दुपारी बघावं तर कमरेपासून खाली सगळी खडूनं पांढरी, कारण पर्समध्ये रुमालापेक्षा खडू जास्त. फळा असलाच पाहिजे अशी त्यांची अट नसायची. एसटीच्या पुढच्या सीटची पाठ, पाण्याची टाकी, फरशी, एकदा तर उभ्या म्हशीची पाठ, जिथं काळं दिसेल तिथं त्या लिहायच्या. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण उत्साहात आल्या की ते सगळं सुटायचं आणि शिरूरची अस्सल बोली बाहेर पडायची. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मला त्यावरून बाईंचा ताप बघता यायचा. 'आहे'चं 'हाय' झालं की समजायचं, काहीतरी मोठं सापडलंय.

त्यांचा सगळा जीव एका वळणात होता. मुलांना ते वर्गसमीकरणाच्या धड्यात भेटायचं, बाई त्याला 'कमान' म्हणायच्या. चार मापं घ्यायची, त्यांतली वाढ बघायची, मग वाढीची वाढ बघायची. ती जर दर वेळी सारखी निघाली तर कमान सापडली. मग न मोजलेलं पुढचंही सांगता येतं. पण कुणी त्याला भविष्य म्हटलं की बाई भडकायच्या. "भविष्य सांगणारा चुकला तर तोंड लपवतो. अंदाज सांगणाऱ्यानं चुकल्यावर पुढं यायचं असतं!"

आणि त्या खरंच पुढे यायच्या. आमच्या हेडसरांना भाषणाची हौस. बाईंनी तीन कार्यक्रमांत भाषणाची मिनिटं आणि टाळ्या मापून कमान काढली आणि जाहीर केलं की स्नेहसंमेलनात सर वीस मिनिटं बोलले तर टाळ्या उणे येतील. "उणे टाळ्या म्हणजे काय हो?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लोक उठून जातील." हेडसर बावीस मिनिटं बोलले, आणि शेवटी असा कडकडाट झाला की मांडव हलला. भाषण संपलं याचा लोकांना तेवढा आनंद झाला होता! बाई व्यासपीठाखाली उभ्या राहून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होत्या. "चुकलं! सर, साफ चुकलं! सुटकेच्या टाळ्या मी धरल्याच न्हाईत!" आपलं चुकलं म्हणून एवढं हरखून जाणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

त्यांचा आणखी एक हट्ट होता आणि तो मात्र मला कधीच पटला नाही. आपण अंदाज सांगितला की त्याच्यामागे आपण स्वतः उभं राहायचं. आणि हे त्या शब्दशः करायच्या. मुलांनी गोफणीनं मारलेला दगड कुठं पडेल ते सांगितलं की त्या खुणेच्या दोन पावलं मागे जाऊन उभ्या. "उभं राहायची हिंमत नसेल तर सांगू नये," असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, "बाई, दगडाला शिक्षण नसतं." त्या हसायच्या आणि तिथंच उभ्या राहायच्या.

आता रस्त्याचं सांगतो.

आमची शाळा न्हावऱ्याच्या पुढे, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. या रस्त्याला खड्डे होते तोवर आम्ही त्याला शिव्या द्यायचो आणि मुलं सुखरूप होती. मग रस्ता झाला. रुंद, गुळगुळीत, ताटासारखा. उसाचे ट्रॅक्टर, कांद्याच्या पिकअप, दुधाच्या गाड्या, शिक्रापूरच्या कंपन्यांकडे जाणारे ट्रक, सगळे सुसाट. एका दुपारी शाळा सुटली आणि पाचवीतली एक मुलगी रस्त्याच्या मध्यावर असताना ट्रक आला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबून धरला, पण ट्रक फाटकाच्याही पुढं जाऊन थांबला. मुलगी मागे पळाली म्हणून वाचली. तिची एक चप्पल चाकाखाली गेली. तो ड्रायव्हर, कुठला तरी बिहारकडचा माणूस, खाली उतरून रस्त्यातच बसला आणि "दिखा ही नहीं, दिखा ही नहीं" म्हणत रडायला लागला. बाईंनी त्या मुलीला उचलून कडेला आणलं. मग ड्रायव्हरलाही पाणी दिलं.

गावानं आरडाओरडा केल्यावर रस्त्याचं काम बघणारे एक साहेब आले. पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका, अशी पाटी आणि तिच्याजवळ रस्त्यावर गाडी धडधडेल असे जाडसर पांढरे पट्टे करायचं ठरलं. माणूस भला होता, वयानं आमच्याहून लहान. फाटकापासून शंभर फुटांवर त्यांनी खूण केली. "तिसाच्या स्पीडला गाडी पन्नास फुटांत थांबते," ते म्हणाले. "साठचा स्पीड धरा, दुप्पट. म्हणून शंभर."

"दुप्पट न्हाई हो," बाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. ताप चढला होता. "सरळ न्हाईच ते. कमान हाय!"

साहेब हसले. म्हणाले, पुढच्या बाजारच्या दिवशी माणसं येतील पट्टे मारायला, त्याआधी दाखवा सिद्ध करून. झालं! बाईंना एवढंच हवं होतं.

आमच्याकडं बबनमामा म्हणून एक पिकअपवाले होते. निमोण्याचे. शाळेची सहल असो की कुणाचं सामान, मामांची गाडी. त्यांच्या पिकअपचा स्पीडचा काटा चालू होता, आणि आमच्या भागात ही गोष्ट अभिमानानं सांगण्यासारखी आहे. बाईंनी सकाळी सकाळी मोकळ्या रस्त्यावर प्रयोग मांडला. दोन्ही बाजूंना गावातली पोरं मोटरसायकली आडव्या लावून उभी. रस्त्यावर खडूची एक रेघ. गाडीचं तोंड रेघेवर आलं की आमचे पी.टी.चे सर लाल रुमाल झटकणार, रुमाल दिसला की मामांनी ब्रेक मारायचा, आणि गाडी थांबेल तिथपर्यंत आम्ही टेप लावायची. टेपचं एक टोक माझ्या हातात.

"मामा, मी काय करते ते समजलं का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "पन तुमी सांगताय तवा चांगलंच आसंल."

प्रत्येक स्पीडला चार-चार वेळा मापून सरासरी काढली. विसाच्या स्पीडला सत्तावीस फूट. तिसाला अठ्ठेचाळीस. चाळिसाला चौऱ्याहत्तर. त्याच्या वर जायला हेडसरांनी मनाई केली होती. बाई रस्त्यावरच उकिडव्या बसल्या आणि लिहायला लागल्या. "सत्तावीसचे अठ्ठेचाळीस, वाढ एकवीस. अठ्ठेचाळीसचे चौऱ्याहत्तर, वाढ सव्वीस. वाढीची वाढ पाच! आता एकतीस वाढणार, मग छत्तीस. पन्नासला एकशे पाच. साठला एकशे एक्केचाळीस!"

"कशावरून पाचच?" मी म्हणालो. गणित येत नसलं तरी शंका काढता येते.

"मागं चला की. विसाच्या आधी सोळा कमी, दहाला अकरा. त्याच्या आधी अकरा कमी. शून्य स्पीडला शून्य फूट! बसली का न्हाई?" खडू त्यांच्या हातात मोडला. "सर, रुमाल दिसल्यापास्नं पाय ब्रेकवर जाईस्तोवर गाडी जी पळती, ती माणसाची चूक. ती सरळ वाढती. पन ब्रेक लागल्यावर घासत जाती ना, ती वर्गानं वाढती. स्पीड दुप्पट, तर घसरणं चौपट. कुठं शंभर आन् कुठं एकशे एक्केचाळीस! एक्केचाळीस फुटांत किती पोरं मावत्यात?"

मी मनात मोजलं. एक्केचाळीस फुटांत आमची पाचवीची आख्खी रांग मावते.

बाजारच्या दिवशी सकाळी अर्धं न्हावरं रस्त्यावर जमलं होतं. साहेब जीपमधून उतरले, त्यांच्याबरोबर पट्टे मारणारी माणसं आणि रंगाचे डबे. साहेबांसमोर म्हणून हेडसरांनी एकदाच साठच्या स्पीडला परवानगी दिली होती. बाईंनी रेघेपासून एकशे एक्केचाळीस फुटांवर दुसरी जाड रेघ मारली, हेडसरांच्या ऑफिसातली हातांची खुर्ची मागवली, ती रेघेच्या मागे हातभर अंतरावर ठेवली आणि तिच्यात बसल्या. हेडसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना बाईंची जास्त काळजी होती की खुर्चीची, ते कळेना.

"बाई, हे काय!" साहेब घाबरले.

"अंदाज माझा हाय. मी मागं बसायला नको?"

मी टेप घेऊन त्यांच्या शेजारीच उभा होतो. लांबून पिकअप दिसली. लोक ओरडायला लागले. मामांनी त्या दिवशी गाडी धुतली होती, आरशाला झेंडूची माळ होती. गाडी वेग घेत होती आणि माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? आणि मग मला काहीतरी विचित्र दिसलं. गाडीचं नाक वर होतं. मागची बाजू खाली बसली होती. आणि मागे निळी ताडपत्री.

आज बाजार. बबनमामांना बाजाराच्या दिशेनं गाडी घेऊन यायला सांगितलं होतं. आमच्या भागातला कुठला माणूस बाजारच्या दिवशी रिकामी पिकअप घेऊन निघेल? ते पाप आहे!

"कांदे!" मी ओरडलो. "बाई, कांदे!"

लोकांना वाटलं मास्तरला ऊन लागलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि त्यांना क्षणात उमजलं. पण खुर्चीला हात होते आणि पदर एका हातात अडकला होता. तेवढ्यात रुमाल हलला. ब्रेक किंचाळले. मी टेप टाकला, बाईंचा दंड धरला आणि सगळा जीव लावून ओढलं. पदर फाटला. आम्ही दोघं कडेच्या चारीत पडलो, आणि आमच्या डोक्यावरून लाकूड मोडल्याचा आवाज गेला.

गाडी थांबली तेव्हा जाड रेघ कुठल्या कुठं मागं राहिली होती. हेडसरांची खुर्ची बंपरखाली होती. ताडपत्रीखालून दोन गोण्या फुटून कांदे रस्ताभर घरंगळत होते. मामा दार उघडंच टाकून गाडीपुढं धावले. "बाई! बाई कुठं हायत? आरं देवा, म्यां काय केलं!"

मला बाईंचा भयंकर राग आला होता. त्या माणसाला आयुष्यभराचा घोर लागला असता. मी चारीतून उठता उठता म्हणालोसुद्धा, "पुन्हा अंदाजामागं उभ्या राहिलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी!" बाईंनी मान डोलावली. चेहरा पांढराफटक पडला होता. त्या मामांजवळ गेल्या, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "मामा, चूक माझी. तुमची न्हाई. माफ करा." एवढं म्हणून त्यांनी आजूबाजूला बघितलं, ताडपत्रीकडे, कांद्यांकडे, त्या लांबलचक काळ्या रबरी खुणेकडे, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग यायला लागला.

साहेब म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचं गणित चुकलं."

"चुकलं!" बाई ओरडल्या. "लई भारी चुकलं! साहेब, मी रिकामी गाडी मापली. ह्या रस्त्यानं रिकामी गाडी जाती कवा? तुमीच सांगा, मामा, रिकामी गाडी कवा नेता?"

"न्हेतच न्हाई," मामा म्हणाले. "परवडत न्हाई."

लोक हसायला लागले. पण साहेब हसत नव्हते. त्यांना कळलं होतं. बाईंनी टेप उचलला. पहिल्या रेघेपासून गाडीच्या तोंडापर्यंत एकशे एकोणऐंशी फूट. "आता मला काय बी सांगू नका," बाई म्हणाल्या. "आता साहेब काढतील. गोण्या भरा परत. वीस, तीस, चाळीस, पुन्हा मापा. ह्या वेळी कुणी म्होरं बसायचं न्हाई."

आख्खं गाव कांदे गोळा करायला वाकलं. हेडसरसुद्धा. आधी मामांना चहा पाजला, आणि मग भरलेल्या गाडीनं पुन्हा मापं झाली. विसाला एकतीस. तिसाला सत्तावन्न. चाळिसाला नव्वद. बाईंनी खडू साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी पँटची काळजी न करता रस्त्यावर बैठक मारली. गर्दी त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"वाढ सव्वीस," साहेब पुटपुटले. "मग तेहतीस. वाढीची वाढ सात."

"पुढं?" बाई.

"चाळीस वाढेल. पन्नासला एकशे तीस. मग सत्तेचाळीस. साठला..." ते थांबले. त्यांनी मागे वळून रस्त्यावरची काळी खूण बघितली. "एकशे सत्त्याहत्तर."

मघाशी मापलं होतं एकशे एकोणऐंशी. दोन फुटांचा फरक! आणि मग जो गलका झाला! पी.टी.चे सर रुमाल उडवत नाचले. मामा शेजारच्याला विचारत होते, "जिंकलं का आपुन?" मला गणितात काय घडलं ते आयुष्यात पहिल्यांदा पुरतं समजलं होतं आणि मी वेड्यासारखा टाळ्या वाजवत होतो. रस्त्यानं जे सकाळी आमच्यासमोर करून दाखवलं होतं, तेच आता खडूनं, तीन छोट्या मापांवरून, न बघता सांगितलं होतं.

"आणि ऐंशीचा स्पीड असला तर?" साहेबांनी विचारलं. त्यांनाही ताप चढला होता.

"दोनशे ब्याण्णव," बाई म्हणाल्या. "पन तिथवर आपुन मापलेलं न्हाई. तवा जरा जास्तच धरा."

साहेबांनी पाटी साडेतीनशे फुटांवर नेली. ती एकाच्या गोठ्यासमोर आली. त्यानं थोडी कुरकुर केली, मग ऐकलं. पट्टे दोन ठिकाणी मारले. हेडसरांना नवी खुर्ची बाईंनी आपल्या खर्चानं करून दिली, आणि ती बिनहातांची करून घेतली.

सोमवारी शाळा सुटली तेव्हा आम्ही दोघं फाटकाजवळ उभे होतो. उसानं खचाखच भरलेला एक ट्रक दौंडकडून येताना दिसला. लांब, पार गोठ्यापाशी, पट्ट्यांवरून चाकं धडधडली आणि त्याचं नाक खाली झुकलं. तो येत येत, हळू होत होत, फाटकाच्या चांगला अलीकडे थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून मुलांना जा म्हटलं. पाचवीची रांग एकमेकांचे हात धरून पलीकडे गेली. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मलाही आवरलं नाही. या बाईंबरोबर काम करायला मिळालं, याचा मला फार आनंद झाला होता, आणि तो मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलाही.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. सगळ्या चेहऱ्याला खडू लागला. मग माझा दंड घट्ट पकडून त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "सर, पन ह्ये समदं कोरड्या रस्त्याचं हाय. ओला कवा मापायचा?"